चेहरे शोधणारे प्रकल्प नीट तपासा

महोदय,

संगणकाच्या विद्यार्थ्यांमध्ये छायाचित्रातले चेहरे शोधण्याचा प्रकल्प फार लोकप्रिय आहे. बहुतेक जण ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअर-संचातील हार कॅस्केड ही चेहरे ओळखण्याची तयार पद्धत वापरतात. व्हायोला आणि जोन्स यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत डोळ्यांचा गडद पट्टा आणि त्याखालचे उजळ गाल यांसारखे फरक मोजते. म्हणून खिडकीकडे पाठ करून बसलेल्याचा चेहरा बऱ्याचदा तिच्या हाती लागत नाही.

खरी गोची आयत्या उचललेल्या आकड्यांत आहे. स्केलफॅक्टर म्हणजे निरनिराळ्या मापांचे चेहरे शोधताना दर पायरीला चित्र किती पट लहान करायचे तो आकडा. तो १.३ ठेवला की प्रत्येक पायरीला चित्र जास्त आक्रसते आणि मधल्या मापाचे चेहरे निसटतात. तो १.१ किंवा १.०५ करावा, वेळ जास्त लागेल, तो लागू द्यावा. मिननेबर्स, म्हणजे एकाच जागी किमान किती चौकटी जुळल्या तर चेहरा मानायचा तो आकडा, कमी ठेवले तर खिडकीच्या पडद्यावरची नक्षीही चेहरा ठरते, फार वाढवले तर खरे चेहरे गळतात. समोरच्या चेहऱ्यांच्या नेहमीच्या (डिफॉल्ट) फाइलची शोधाची मूळ चौकट २४ बाय २४ पिक्सेलची आहे, त्याहून लहान चेहरा सापडणारच नाही. बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांची वेगळी फाइल एकाच दिशेचे चेहरे शोधते. दुसऱ्या दिशेसाठी चित्र आरशातल्यासारखे आडवे उलटवून पुन्हा चालवावे लागते.

परीक्षकांना आग्रहाची विनंती आहे, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सेल्फीवर समाधान मानू नका. वर्गाचा गटफोटो द्या, त्यातले किती चेहरे सुटले आणि किती खोटे सापडले हे हाताने मोजायला लावा. फोटोसाठी वर्गमित्रांची संमती घेतली का, हेही विचारा.

– एक संगणकशास्त्र शिक्षक, सांगली