चॉकलेटला हिवाळा दे

नागपूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, बेंगळुरूच्या बेकिंग कोर्सच्या शेवटच्या टप्प्यात केक डेकोरेशन घेऊ की चॉकलेट? तेवढ्यात तुझी क्लासची वेळ झाली आणि बोलणं अर्धंच राहिलं. माझं मत विचारशील तर चॉकलेट घे.

केकवर तुझा हात बसलाय. तू पाठवलेल्या फोटोतले बटरक्रीमचे गुलाब मी मोठे करून पाहिले. बाहेरच्या पाकळीची कड इतकी पातळ उतरली आहे की मागचा हिरवा रंग तिच्यातून दिसतो. हे कसब इथे घरी ऑर्डरी करता करताही वाढत राहील. चॉकलेटचं तसं नाही. ते थर्मामीटर हातात घेऊन, जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिकायचं काम आहे, आणि तशी माणसं आत्ता तुझ्याजवळ आहेत.

टेम्परिंगचं, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन घट्ट करण्याचं, तुझ्या वहीतलं पान मी दोनदा वाचलं. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ वर उतरवायचं आणि परत ३१-३२ पर्यंत चढवायचं. कोको बटरचे, म्हणजे कोकोतल्या चरबीचे, स्फटिक सहा प्रकारचे, त्यातला पाचवाच हवा. तो जमला तर वडी चकाकते आणि कटकन तुटते. वाचताना मला आपला संक्रांतीचा हलवा आठवला. खसखशीवर चमचा चमचा पाक सोडत, मंद आचेवर बोटांनी फिरवत राहायचं. आच वाढली की काटा मोडतो. पाक घाईने ओतला की दाणे एकमेकांना चिकटतात. आणि हवा कोरडी, थंड नसेल तर कितीही जीव ओतला तरी काटा धरत नाही. तुझी आजी लहान बाळांच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करायची, ती आधी हवा पाहायची, मगच परात चुलीवर ठेवायची. तू त्याच घरची आहेस. म्हणून हे काम तुला जमेल याची मला खात्री आहे.

आता तुझी भीती, की इथल्या उन्हाळ्यात चॉकलेट टिकणार नाही. पाचवा स्फटिक ३४ अंशांच्या आसपास वितळतो आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा ओळखीपाळखीचे सगळे सांगतील, कंपाउंड चॉकलेट वापर, टेम्परिंगची कटकट नाही. खरंय, कटकट नाही. त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते आणि ते उन्हात जरा जास्त तग धरतं. पण खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो आणि चॉकलेटची चव त्याच्याखाली दबून जाते. वाढदिवसाच्या केकवर नाव लिहायला ते चालेल. ज्या डब्यावर तुझं नाव असेल त्यात ते जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कूलरचं मात्र नीट लक्षात ठेव. बेंगळुरूच्या वर्गात त्याचा विषय निघणार नाही, पण इथे उन्हाळ्यात घरोघरी तोच चालतो. कूलर हवा थंड करतो तो पाण्याने, म्हणजे खोलीत ओल भरतो. ती ओल चॉकलेटवर बसली की वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरी, खरखरीत होऊन राहते. फॉन्डंट, केकवरचं ते साखरेचं आवरण, तर चिकट होऊन पाझरायला लागतं. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दव धरतं, त्याचंही तेच. मागची खोली आपण तुझ्यासाठी रिकामी करतो आहोत, तिथे एसीच बसवू. तापमान २० अंशांच्या जवळ, दार बंद, आणि त्या खोलीत पाण्याचं भांडंसुद्धा उघडं नको. वितळलेल्या चॉकलेटात थेंबभर पाणी पडलं तर सगळा घाणा घट्ट होऊन बसतो, हे तूच मला सांगितलंस.

तरीही मे महिन्याशी झुंज कशाला घ्यायची? मार्चपासून केक कर, आणि चॉकलेट नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडावर येतात. म्हणजे चॉकलेटला मानवणारी हवा आणि जवळच्या काटोलचा ताजा माल एकाच वेळी तुझ्या हाताशी. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्याची मिठाई म्हटली की अजून बर्फीच आठवते. बर्फी मलाही आवडते, पण संत्र्याचा खरा वास सालीतल्या तेलात असतो. रस नुसत्या चॉकलेटात घालता येत नाही. साल घालता येते. वरची केशरी साल किसून कोमट क्रीममध्ये मुरू दे, गाळून घे आणि त्यात चॉकलेट मिसळून त्याचं मऊ गनाश कर. नुसत्या सालीच्या पट्ट्याही होतील: पाणी बदलत उकळून कडवटपणा काढायचा, पाकात मुरवायच्या, पूर्ण सुकल्या की डार्क चॉकलेटमध्ये अर्ध्या बुडवायच्या. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते, ती किती वेळ उकळली की तुटायला लागते हे तिथेच करून पाहा. पुढच्या आठवड्यात मी संत्री पाठवते. शिक्षकांनाही दे आणि त्यांना काय वाटतं ते विचार.

बाबांचं म्हणणं, आधी दुकान भाड्याने घेऊ आणि थाटात उघडू. मी त्यांना थांबवलंय. पहिला हिवाळा घरूनच कर. फूड लायसन्सची नोंदणी तू आल्यावर लगेच करू. एगलेसच्या ऑर्डरी इथे जास्त येतील, त्याचे प्रयोग आतापासूनच वहीत उतरवत जा.

टेबलिंगसाठी, म्हणजे वितळलेलं चॉकलेट पसरून थंड करायला, तुमच्या वर्गात दगड आहे त्याची लांबी-रुंदी आणि जाडी मोजून कळव. संगमरवर आहे की ग्रॅनाइट, तेही लिही. बाबा रविवारी दगडवाल्याकडे जाणार आहेत.

तुझी,
आई