'३८ नॉर्थ'च्या जेनी टाउन यांना

आदरणीय जेनी टाउन यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, आणि मराठीतलं हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल असंही नाही. तरी लिहितो, कारण कोरियाबद्दल मराठीत चार ओळी खरडणाऱ्या माझ्यासारख्याला तुमच्या '३८ नॉर्थ'ने, उत्तर कोरियावर नजर ठेवणाऱ्या या संकेतस्थळाने, इतकी वर्षं शिधा पुरवला, तोही विनामूल्य.

एप्रिल २०२० आठवतो. १५ तारखेला, आजोबांच्या जयंतीच्या सोहळ्यात, उत्तर कोरियाचे नेते किम जोंग उन दिसले नाहीत आणि अफवांना ऊत आला. आमच्याकडे टाळेबंदी, माणसं घरात, टीव्ही दिवसभर चालू. वाहिन्यांनी किमना कोमात घातलं, मारलं, बहिणीला गादीवर बसवूनही मोकळ्या झाल्या. तेव्हा तुम्ही उपग्रहाची छायाचित्रं दिलीत: किनाऱ्यावरच्या वोनसान शहरात किम घराण्यासाठी राखीव असलेल्या स्थानकात सुमारे २५० मीटर लांब गाडी उभी आहे, २१ आणि २३ एप्रिलला दिसते, १५ला नव्हती. पण त्याखाली हेही लिहिलंत की या गाडीवरून नेता कुठे आहे हे सिद्ध होत नाही आणि त्याच्या तब्येतीबद्दल काहीच कळत नाही. मीही लेखात तेवढंच लिहिलं. लेख मिळमिळीत झाला, असं एकदोघांनी कळवलं. १ मे रोजी किम सुनचोनच्या खत कारखान्यात फीत कापत होते.

ट्रम्प आणि किम यांची हनोईची बोलणी २८ फेब्रुवारी २०१९ रोजी फिसकटली, त्यानंतरही असंच. उत्तर कोरियातल्या सोहेच्या उपग्रह-प्रक्षेपण केंद्रावर पुन्हा बांधकाम दिसलं, तेव्हा किम रागावले म्हणून कामाला लागले, अशी गोष्ट लगेच तयार झाली. तुमच्या नोंदीत मात्र काम १६ फेब्रुवारी ते २ मार्च यांच्या दरम्यान कधीतरी सुरू झालं, असं होतं. म्हणजे शिखर बैठकीच्या आधीही सुरू झालेलं असू शकतं. या एका ओळीने माझा अख्खा लेख बदलला.

पण मनापासून आभार मानायचे आहेत ते २०१८ च्या उन्हाळ्यासाठी. '३८ नॉर्थ' चालवणारी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली तुमची अमेरिका-कोरिया संस्था दक्षिण कोरियाच्या सरकारी निधीवर चालायची. तो निधी थांबला. हिशेबात पारदर्शकता नाही, असं सोलचं म्हणणं. संचालक बदला म्हणून दबाव आला आणि तो आम्ही झुगारला, असं तुमचे अध्यक्ष रॉबर्ट गालुची यांनी जाहीर सांगितलं. कोण किती खरं, याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. एवढं खरं की त्या मे महिन्यात संस्था बंद पडली. दोन्ही कोरियांचे नेते पानमुन्जमला नुकतेच भेटले होते, सिंगापूरची ट्रम्प-किम भेट तोंडावर होती. आणि त्या धामधुमीतही ७ मेच्या छायाचित्रांवरून पुंगेरीचं अणुचाचणी केंद्र मोडायला सुरुवात झाल्याचं तुम्ही दाखवलंत. पुढे वॉशिंग्टनच्या स्टिमसन सेंटर या धोरण-संस्थेत बिऱ्हाड हलवलंत आणि काम चालू राहिलं. धोरण-संस्थेचं स्वातंत्र्य शेवटी पगाराच्या तारखेला कळतं. आमच्याकडच्या संस्थाचालकांना हे वेगळं सांगायला नको.

कोरिया आम्हाला वाटतो तितका परका नाही. १९५३ साली युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला भारतीय तुकडी तिथे गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात आमच्या कोल्हापूरकडचे. दोन्ही बाजूंच्या शिव्या खात तटस्थ राहणं काय असतं, ते त्यांनी तिथे अनुभवलं. तुमचं काम वाचताना त्यांची आठवण येते.

एक तक्रारवजा विनंती: अणुभट्ट्या आणि क्षेपणास्त्रांइतकंच तिथल्या बाजारांवर आणि शेतीवरही येऊ द्या. ते लेख येतात, पण पोट भरत नाही.

आपला ऋणी,
एक मराठी वाचक