गोळी राहिली तर काय, हेही छापा

संपादक महोदय,

आपल्या महिला पुरवणीतला गर्भनिरोधक गोळ्यांवरचा लेख वाचला. वजन वाढते का, पुढे मूल होताना अडचण येते का, याची उत्तरे त्यात नीट दिली आहेत. पण आमच्या काउंटरवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न त्यात नाही : गोळी घ्यायची राहिली, आता काय करू?

कराडजवळ माझे मेडिकल आहे. हा प्रश्न दुकानात गर्दी नसताना, हळू आवाजात येतो आणि तोवर बाईने बहुधा काहीतरी करून टाकलेले असते. एखादीने पाकीटच फेकून दिलेले असते, तर एखादीने राहिलेल्या चारही गोळ्या एकदम घेऊन रात्रभर उलट्या काढलेल्या असतात.

माला-एन, माला-डी आणि त्यांच्यासारख्या २८ गोळ्यांच्या पाकिटांबद्दल लिहिते. त्यातल्या २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. लोहाची राहिली तर टाकून द्या, काही बिघडत नाही. संप्रेरकाची एकच राहिली असेल तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालते. दोन किंवा जास्त राहिल्या, तर शेवटची राहिलेली तेवढी घ्यायची, आधीच्या टाकून द्यायच्या, पाकीट चालू ठेवायचे आणि सलग ७ दिवस गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरायचा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले, तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवे पाकीट सुरू करायचे. त्या महिन्यात पाळी नीटशी येणार नाही, म्हणून घाबरू नये. पहिल्याच आठवड्यात घडले आणि गेल्या ५ दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीचा विचार करावा लागतो. ती संबंधानंतर शक्यतो ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी.

खरा धोका असतो तो पाकीट बदलताना. संप्रेरकाविना जाणाऱ्या त्या ७ दिवसांत बीजांडकोश पुन्हा काम सुरू करू लागतो. नवे पाकीट वेळेवर सुरू झाले तर तो थांबतो; दोन-तीन दिवस लांबले की बीज सुटू शकते. २१ गोळ्यांच्या पाकिटात हे जास्त होते, कारण मधल्या आठवड्यात रोज गोळी घ्यायची सवयच मोडते. ‘पाकीट संपलं होतं, बाजारच्या दिवशी न्यावं म्हटलं’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे.

आमच्या भागात कुणाचा नवरा फौजेत, कुणाचा मुंबईत. ‘हे सुट्टीवर येणारेत, उद्यापासून चालू करते’ असे सांगून पाकीट नेणाऱ्या कमी नाहीत. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केली तरच लगेच भरवसा धरता येतो. एरवी पहिले ७ दिवस निरोध हवाच. गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायला नेतात ती गोळी तर वेगळीच. तिच्यावर गर्भ राहू नये म्हणून विसंबता येत नाही. हे सांगितले की बायका माझ्याकडे संशयाने पाहतात.

आणखी काही गोष्टी दुकानात सांगायच्या राहून जातात. गोळी घेतल्यावर तीनेक तासांत उलटी झाली, तर दुसरी घ्यावी. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या यांच्यामुळे या गोळीचा परिणाम कमी होतो, तेव्हा ही औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. अंगावर पाजणाऱ्या बायकांना देतात ती फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाची गोळी आणि आशाताई देतात ती ‘छाया’, यांना वरचा हिशोब लागू नाही. छाया पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. ती ७ दिवसांहून जास्त लांबली, तर पुन्हा आठवड्यातून दोनदा असे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

एवढे सगळे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत घडी घालून खोक्यात कोंबले, तर ते कोण वाचणार? गोळी राहिली तर काय करायचे, एवढ्या चार ओळी पाकिटाच्या मागच्या बाजूला मराठीत छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे, ही माझी औषध प्रशासनाकडे मागणी आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण पुरवणीत, एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून, याची ठळक चौकट छापावी. मी ती कापून काउंटरच्या काचेखाली लावीन.

— एक औषधविक्रेती, जि. सातारा