आईचे हात दिसले पाहिजेत

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली कॅमेऱ्यांची यादी सावकाश वाचली. आई विणकाम शिकवणार आणि चित्रीकरण तुम्ही करणार, हे कळल्यापासून मी फार आनंदात आहे. आईला येणारे कितीतरी नमुने कुठेच लिहिलेले नाहीत, ते फक्त तिच्या बोटांत आहेत. म्हणून यादी वाचताना मी एकच गोष्ट बघत होते: कशाने आईची बोटं आणि टाके स्पष्ट दिसतील, आणि तिचं बोलणं नीट ऐकू येईल?

तर माझं म्हणणं असं, की कॅमेरा एवढ्यात घेऊ नका. तुमच्या फोनचा मागचा कॅमेरा १९२० बाय १०८० चित्रबिंदूंचं चित्र छान घेतो, आणि बघणारे बरेच जण ते फोनवरच बघणार. फोरके या त्याहून बारीक चित्रात चित्रबिंदू चौपट होतात हे खरं, पण फाइल्सही फुगतात आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंग करताना जीव जाईल. पैसे आधी माइकला, मग दिव्याला, मग स्टँडला. उरले तर कॅमेऱ्याला.

माइकचा आग्रह का, ते सांगते. चित्र जरा अंधुक असलं तरी लोक बघतात. आवाज घुमायला लागला की लगेच दुसरीकडे जातात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश उरते, खोलीतला प्रतिध्वनी मात्र तेवढाच राहतो. फोन स्टँडवर लांब ठेवला तर तो आईपेक्षा पंखाच जास्त ऐकेल. त्यासाठी कॉलरला लावायचा छोटा माइक पुरेसा आहे. आई, तो लोकरीवर घासणार नाही असा लाव, आणि जमलं तर लाकडी सुया घे. स्टीलच्या सुयांची टकटक माइकमध्ये फार मोठी येते, शिवाय त्या दिव्यात चमकतात.

दिवा समोरून नको, बाजूने हवा. समोरून उजेड पडला की विणलेला तुकडा सपाट दिसतो. बाजूने पडला की प्रत्येक टाक्याला बारीक सावली मिळते आणि सुलट कुठला, उलट कुठला हे शिकणाऱ्याला चटकन कळतं. दिवसा खिडकीच्या कडेला बसलात तर दिवा लागणारही नाही.

आता एक गंमत बघा. आईने काळी लोकर हातात घेतली की फोनला वाटतं खोलीत अंधार आहे, मग तो सगळं चित्र उजळ करतो आणि तिची बोटं पांढरीफटक होतात. पांढऱ्या लोकरीला बरोबर उलटं, हात काळवंडतात. त्यात हात हलला की उजेड कमीजास्त होत राहतो. यावर उपाय सोपा आहे. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर हातांच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. बाबा, प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी हे करा. आणि पहिले धडे फिक्या रंगाच्या, जाड लोकरीवरच घ्या.

फोन कुठे ठेवायचा, हा तर कॅमेऱ्याच्या निवडीहून मोठा प्रश्न आहे. समोरून घेतलं तर शिकणाऱ्याला आईचा उजवा हात डावीकडे दिसतो आणि बिचारा मनात सगळं उलटं करत बसतो. फोन आईच्या खांद्यामागून, थोडा वरून खाली बघणारा लावा. तिला स्वतःला हात जसे दिसतात तसेच ते बघणाऱ्याला दिसतील. चेहरा सुरुवातीला आणि शेवटी दिसला की झालं. यासाठी आडव्या दांड्याचा स्टँड लागेल, आणि त्याचं बूड जड हवं. वायरी भिंतीकडेने नेऊन टेपने चिकटवा. तुम्ही दोघं त्या खोलीत सारखी ये-जा करणार, पाय अडकायला नको.

काही महिने हे जमलं, आईला गोडी लागली, तर मग कॅमेऱ्याचं बघू. तुमच्या यादीतला सोनीचा झेडव्ही-ई१० (२०२१चा) मला या कामाला बरा वाटतो. त्याला माइक आणि हेडफोन दोन्ही जोडता येतात, यूएसबीवरून वीज देत चालवता येतो, आणि थेट प्रक्षेपण करायचं झालं तर तो वेबकॅमसारखा कॉम्प्युटरला जोडता येतो. पडदा बाजूला उघडून फिरवता येतो, म्हणजे बाबांना पाठ वाकवावी लागणार नाही. शिवाय कॅमेऱ्यासमोर धरलेल्या वस्तूवर पटकन फोकस नेणारी सोय आहे. आईने विणलेला तुकडा पुढे धरला की तो लगेच स्पष्ट होईल. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय कॅमेऱ्याच्या आत नाही, पण आपला कॅमेरा स्टँडवरच राहणार.

कॅननचा एम५० (२०१८) जुना मिळाला तर स्वस्त पडेल, तरी मी घेणार नाही. तो एका दमात अर्ध्या तासापेक्षा जास्त रेकॉर्ड करत नाही, फोरकेमध्ये चित्राच्या कडा फार कापतो, आणि त्याच्या लेन्सची मालिका कॅननने बंद केली आहे. अर्ध्या तासाची ही मर्यादा त्या काळातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांना होती. त्यामागे युरोपातली जकात होती: अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर कर लागे. आईचा एक धडा मध्येच तुटला तर तिची लय जाईल, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

वेबकॅम आपल्याला नको. चेहऱ्यासाठी तो ठीक आहे, पण खांद्यामागे टांगून फिरवायला त्याची वायर आडवी येते.

कोणताही जुना कॅमेरा घ्यायचा झाला तर मी येईपर्यंत थांबा. माइकचं भोक सैल नाही ना, पडद्याची बिजागरी धड आहे ना, आणि अर्धा तास चालवल्यावर तापून बंद पडत नाही ना, हे हातात घेऊनच कळतं.

तोवर एवढं करा. आई एक ओळ सुलट आणि एक उलट विणेल, बोलत बोलत. तेवढाच तुकडा फोनवर घ्या आणि मला पाठवा. मी हेडफोन लावून आवाज ऐकते आणि टाके मोजता येतात का ते बघून कळवते.

तुमची,
लेक