वहिनींनी ऑटोमॅटिकवर शिकावं, तू मॅन्युअलवर

सोलापूर

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. मुंबईचं बिऱ्हाड आवरून तुम्ही दोघं जुळे सोलापूरच्या घरी कायमचे येताय आणि आल्या आल्या दोघांनाही कार शिकायची आहे, हे वाचून फार बरं वाटलं. तू प्रश्न एकच विचारलास, मॅन्युअल की ऑटोमॅटिक. पण शिकणारी माणसं दोन आहेत, आणि माझ्या मते दोघांना उत्तरं वेगवेगळी आहेत. वहिनींनी थेट ऑटोमॅटिकवर शिकावं, तू मॅन्युअलवर शिक. का ते नीट लिहितो.

आधी लायसन्सचं बघू. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही असं चिरंजीवांनी लंडनहून कळवलं, ते तिथे खरं आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला फक्त ऑटोमॅटिकच चालवायची परवानगी असते. आपल्याकडे कारच्या लायसन्सवर एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, एवढंच येतं, गिअर कुठल्या प्रकारचा याची वेगळी नोंद होत नाही. त्यामुळे लायसन्ससाठी म्हणून वहिनींनी क्लचशी झगडायची काही गरज नाही. मात्र ऑटोमॅटिकवर शिकलेलं माणूस उद्या दादांच्या वॅगन-आरमध्ये बसलं, तर कायदा अडवणार नाही आणि गाडी मात्र पहिल्या चौकात बंद पडेल. तेवढं लक्षात ठेवायचं.

तुम्ही दोघं चाळिशीच्या पुढचे, म्हणून अर्जासोबत डॉक्टरांचा वैद्यकीय दाखला, फॉर्म १-ए, लागेल. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परीक्षेला बसता येतं. तू पंचावन्नच्या पुढचा, त्यामुळे तुझं पक्कं लायसन्स पाच वर्षांचंच मिळेल, मग नूतनीकरण. शिकताना गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. शेजारी लायसन्स असलेलं माणूस बसलेलं असलंच पाहिजे. सकाळी रस्ता मोकळा आहे म्हणून एकट्याने चक्कर मारायला जाऊ नका. त्या वेळी काही झालं तर विम्याचे पैसेही अडकतात.

आता तुझं. दादांची वॅगन-आर मॅन्युअल आहे, शेतावरची पिकअपही मॅन्युअल. रात्री-अपरात्री दादांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दारात उभी असलेली गाडीच काढावी लागेल. म्हणून तुला क्लच आला पाहिजे. बाकी ‘खरा ड्रायव्हर मॅन्युअलच चालवतो’ वगैरे जे लोक सांगतात, त्यात मला काही अर्थ दिसत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणाऱ्याच्या सुरक्षेसाठी ते हवेतच, पण होतं काय की गाडी बंद पडू नये म्हणून शिकवणारा हळूच आपला क्लच दाबत राहतो. शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. कोर्स संपतो, घरची गाडी काढली की गेटातच चार वेळा बंद. तेव्हा पहिला आठवडा झाला की त्यांना स्पष्ट सांग, ‘क्लच माझा मला दाबू द्या, तुम्ही फक्त ब्रेकवर राहा.’ गाडी बंद पडली तर पडू दे, शिकताना ती पडायलाच हवी.

हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडल्यावर पकडू लागतो ती जागा, पहिल्याच दिवशी अशी पायात बसव. सपाट मोकळी जागा, इंजिन चालू, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवर. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाक. ऍक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. आता क्लच सावकाश सोडत ये. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते, आरपीएमचा काटा असेल तर तो आठशेच्या आसपासवरून जरा खाली येतो. तिथे पाय थांबव आणि ब्रेक सोड. गाडी आपोआप हलेल. क्लच तिथेच दोन सेकंद धर, गाडी माणसाच्या चालीने चालू लागली की उरलेला सोड. परत दाब, थांब, परत कर. वीस वेळा झालं की पायाला ती जागा कळते. बहुतेकांची गाडी बंद पडते ती क्लच लवकर सोडल्याने नाही, तर त्या जागेवर आल्यावर न थांबल्याने. क्लचची प्लेट एकदम पकडते, आठ-नऊशे किलोचं ओझं मंद फिरणाऱ्या इंजिनावर एका झटक्यात येतं आणि ते गुदमरतं.

थांबताना याच्या उलट चूक होते. पन्नासच्या वेगात असताना समोर कुणी आलं की नवशिका घाबरून क्लच आणि ब्रेक एकत्र दाबतो. क्लच दाबला की इंजिनाचा रोध सुटतो आणि सगळं काम एकट्या ब्रेकवर येतं. आधी ब्रेक, वेग पंधरा-वीसपर्यंत उतरला की मग क्लच. गिअरचा ढोबळ हिशेब असा: पहिला फक्त गाडी हलवायला, पंधराला दुसरा, तिशीला तिसरा, पंचेचाळिशीच्या आसपास चौथा, साठच्या पुढे पाचवा. वळणावर दुसरा गिअर वळण्याआधी टाकायचा, वळता वळता नाही.

क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय लागू देऊ नकोस. पायाचं नुसतं वजन पडलं तरी क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग झिजतं आणि प्लेट अर्धवट घसरत राहते. साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज जाणारी प्लेट मग फार लवकर जाते. करपल्यासारखा वास आला, किंवा इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही असं झालं, की समजायचं प्लेट घसरतेय. सात रस्ता किंवा मधल्या मारुतीजवळच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी सरकवत राहण्यापेक्षा पुढे दहा फूट जागा होऊ दे, मग एकदाच पुढे घे. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

वहिनींचं का वेगळं? त्यांनी इतकी वर्षं स्कूटर चालवली आहे. रस्ता वाचायची नजर त्यांच्याकडे आहे: कोणता रिक्षावाला अचानक थांबेल, कोणती मोटारसायकल उलट दिशेने येईल, हे त्यांना आधी कळतं. कारमध्ये त्यांना नवं शिकायचंय ते गाडीच्या रुंदीचा अंदाज, आरसे आणि रिव्हर्स. त्यात क्लच घातला की लक्ष रस्त्यावरून पायाकडे जातं. नवी पेठेत चारी बाजूंनी माणसं असताना गाडी बंद पडणं, मागून हॉर्न, या भीतीने कित्येक बायका लायसन्स मिळूनही परत स्टिअरिंगला हात लावत नाहीत. मला हे फार लागतं, कारण त्यांना जमत नव्हतं असं नसतं. वहिनींची गाडी ऑटोमॅटिकच घ्यायची असेल, तर ज्याचा उपयोग नाही ते शिकवून त्यांचा धीर घालवायचा कशाला?

पण ऑटोमॅटिक सोपी म्हणून तिला शिस्त लागत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिचा सगळा धोका उजव्या पायात आहे. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवायचा आणि विसरायचा. ब्रेक आणि ऍक्सिलरेटर दोन्ही एकाच उजव्या पायाने. टाच ब्रेकसमोर टेकलेली, ऍक्सिलरेटर देताना फक्त पंजा उजवीकडे वळतो, काढला की परत ब्रेकवर. दोन पायांनी चालवलं तर घाबरल्यावर दोन्ही एकदम दाबले जातात. रिव्हर्स घेताना गाडी कंपाउंडच्या भिंतीवर जाते ती जवळजवळ नेहमी ब्रेक समजून ऍक्सिलरेटर दाबल्याने. रिव्हर्स घेताना ऍक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, सपाट जागेवर ब्रेक हलका सोडला की गाडी स्वतः सरकते, तेवढ्यात काम होतं. चपलेचंही सांगतो: मागे पट्टा नसलेली चप्पल पेडलखाली अडकते. पट्ट्याची सँडल किंवा बूट घाला. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली कधीच ठेवू नका.

गाडी निवडताना ‘ऑटोमॅटिक’ एवढंच विचारून चालत नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी मॅन्युअल, आली. तिच्यात आतला क्लच आणि गिअर मॅन्युअलचेच असतात, फक्त ते मोटर किंवा हायड्रॉलिकने चालतात. बाकीच्या ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त पडते, मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजारांच्या आसपास जास्त, मायलेजही जवळपास तेवढंच. पण गिअर बदलताना हलका हिसका बसतो, आणि चढावर ऍक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर तिचाही क्लच जळतो. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारी) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी) महाग असतात, पण हळू चालीत लोण्यासारख्या चालतात. डीसीटी, म्हणजे दोन क्लचची, चपळ असते, पण ड्राय (तेलात न बुडलेल्या) क्लचची असेल तर सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या गर्दीत ती तापते. वहिनींच्या पहिल्या गाडीला मी डीसीटी सुचवणार नाही. पैसे पुरत असतील तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर, नसतील तर एएमटी, पण हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय, असलेलीच.

हिल होल्डचा आग्रह तुमच्या गेटामुळे. जुळे सोलापुरात बऱ्याच बंगल्यांना असतो तसा तुमच्या दारासमोर गटारीवरून चढणारा उभा उतार आहे. रोज दोनदा तिथेच परीक्षा. हिल होल्ड ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतो, तेवढ्यात पाय ऍक्सिलरेटरवर जायला हवा. नसेल तर हँडब्रेक ओढून ठेवायचा, हलका ऍक्सिलरेटर द्यायचा, गाडी पुढे ओढायला लागली की हँडब्रेक सोडायचा. वॅगन-आरमध्ये तुलाही हेच करायचंय, फक्त हाफ क्लचवर: पुढचं नाक किंचित उचललं गेलं की हँडब्रेक खाली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १५ व्या नियमात, परीक्षेसाठी हे कौशल्य लिहिलेलंच आहे: उभ्या चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघणं. गेटावर जमलं की आसरा भागातल्या रेल्वेपुलावर गर्दीत थांबावं लागलं तरी घाम फुटणार नाही.

उभी करतानाचा क्रमही वहिनींना पाठ हवा. ब्रेक दाबलेला, लिव्हर एन (न्यूट्रल) वर, हँडब्रेक ओढला, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू दिली, परत ब्रेक दाबून मग पी (पार्किंग). आधी पी टाकलं तर उतारावर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दात्यावर येतं आणि सकाळी पी काढताना खाडकन आवाज होतो. बऱ्याच एएमटी गाड्यांत पी नसतंच. तिथे हँडब्रेक घट्ट ओढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची, पुस्तिकेत सांगितलंय तसं. डी (पुढे जायचा) मधून आर (रिव्हर्स) मध्ये जाताना चाकं पूर्ण थांबलेली हवीत.

आणखी एक. ऑटोमॅटिक धक्का मारून चालू होत नाही. इथल्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात, म्हणून डिकीत जंपर केबल ठेवा. टोइंगची वेळ आली तर पुढची चाकं उचलून किंवा आख्खी गाडी वर चढवूनच न्यायला सांगा, पुढची चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर गिअरबॉक्स जातो.

तुळजापूरला जायची वहिनींना घाई असणार, पण घाटाआधी पंचवीस-तीस तास शहरात होऊ द्या. घाट उतरताना तू मॅन्युअल तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये ठेव, वहिनींनी लिव्हर एल (खालच्या गिअर) वर किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्यात ठेवावा. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ऍक्सिलरेटर सोडला की फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. कोजागिरीच्या आसपास तो रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला असतो, तेव्हा तर नकोच. तुम्ही येणार डिसेंबरात, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम चालू असेल. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो, कित्येकदा रिफ्लेक्टरही नसतो. पहिले दोन महिने अंधार पडल्यावर होटगी रोड किंवा अक्कलकोट रोडला गाडी काढायची नाही, हे दोघांनीही पाळा.

शिकायला सकाळी साडेसहा ते आठ बरं. स्कूल ठरवताना पैसे भरण्याआधी विचार: ऑटोमॅटिक गाडी आहे का, तिला शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक आहे का, आणि एका गाडीत एका वेळी किती जण बसवता. तिघांना बसवून प्रत्येकी दहा मिनिटं देतात, ते घेऊ नकोस. ऑटोमॅटिक असलेली स्कूल इथे कमी आहेत. न मिळाल्यास वहिनींनी पहिला आठवडा स्कूलच्या मॅन्युअलवरच काढावा, क्लच-गिअर शिकवणाऱ्याकडे आणि स्टिअरिंग, ब्रेक व आरसे वहिनींकडे. मग स्वतःच्या गाडीवर यावं.

तू यायच्या आधी दादांना वॅगन-आरचा क्लच गॅरेजला दाखवायला सांग. फार वर आल्यावर पकडत असेल तर केबलचा ताण बघायला लागेल, आणि प्लेट संपत आली असेल तर तुझं शिकून होईपर्यंत ती बदलू नकोस. शिकताना थोडी झिजणारच आहे, नवी त्यानंतर टाक. गाड्यांच्या टेस्ट ड्राइव्हला मी वहिनींसोबत येईन. आधी तुमच्या गेटाचा उतार चढवून बघू, मग किंमत विचारू.

वहिनींना नमस्कार सांग. येण्याची तारीख कळव.

तुझाच,
जुना मित्र