टोपलीतून अळंबी आणणाऱ्या आबांस

तीर्थस्वरूप आबा,
साष्टांग नमस्कार.

पाटण खोऱ्यातून तुम्ही आणून दिलेली उंबराच्या ओंडक्यावरची धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आमच्या साताऱ्याच्या प्रयोगशाळेत धरली. तुमचे आभार सगळ्यांना वाचता येतील असे मानतोय, कारण तुम्ही ती कशी आणलीत हे रानात जाणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

तुम्ही उमललेल्या छत्र्या सोडून कोवळ्या आणल्यात. पूर्ण उघडलेल्या अळंबीत किडे आणि जिवाणू आधीच शिरलेले असतात. कोवळी अळंबी बाहेरून ७० टक्के अल्कोहोलनं पुसून हातानं उभी फाडली, की टोपी आणि देठ जुळतात तिथला गर अगदी स्वच्छ मिळतो. सुरी लावू नये, पात्याबरोबर वरची घाण आत जाते. त्या गराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, ठेवला. त्या थराचं प्रमाण नेहमीचंच: २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम आगर, १ लिटर पाणी, १५ पौंड दाबाच्या वाफेत २० मिनिटं निर्जंतुक केलेलं. २५ अंशांना चार-पाच दिवसांत कापसासारखे पांढरे तंतू दिसतात. हिरवं दिसलं तर ती परकी बुरशी, बहुधा ट्रायकोडर्मा; डिश न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबानं जंतू मारणाऱ्या यंत्रात) घालावी.

प्लास्टिकची पिशवी तुम्ही वापरली नाहीत, पानात गुंडाळून टोपलीतून आणलीत. पिशवीत अळंबीला घाम फुटतो, ती बुळबुळीत होते, आणि मग आगरवर तुकड्याभोवती जिवाणूंचं चकचकीत ओलसर कडं पसरतं. त्यातून तंतू सोडवणं फार जिकिरीचं.

सर्वांत मोलाचा होता सोबतचा लाकडाचा तुकडा. जी मेलेल्या लाकडावर जगते ती काडावरही जगू शकेल, असा अंदाज त्यावरून आला. वारुळावरची अळंबी मात्र ‘तुमच्या बाटलीत यायची नाही’ असं तुम्ही म्हणालात, ते खरं आहे. ती टर्मिटोमायसिस, वाळवी तिला वारुळात स्वतः पोसते. आगरवर तिचे तंतू अगदी हळू वाढतात, पण छत्री येत नाही. तिची व्यापारी शेती आजही होत नाही.

पुढचं काम ज्वारीचं: तिच्यावर तंतू वाढवून स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, करायचं. दाणा शिजावा, पण फुटू नये. फुटला की पिठूळ चिकटा सुटतो, गोळे होतात आणि बाटलीला आंबूस वास येतो. शिजलेली ज्वारी कापडावर पसरून वरचं पाणी सुकवायचं, मग किलोला २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम चुनखडीची भुकटी (कॅल्शियम कार्बोनेट). बाटल्या दोन तृतीयांशच भरायच्या. स्पॉन तयार व्हायला साधारण १५ ते २० दिवस लागतात.

गव्हाचं काड दोन-तीन इंच कापून रात्रभर भिजवलं, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळलं. मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये, तळहात मात्र ओला व्हावा. ओल्या काडाच्या ३ टक्के स्पॉन घातलं. पिशव्या पांढऱ्या झाल्यावर कळ्या आल्या, पण देठ लांबलचक आणि टोप्या बटणाएवढ्या. खोली बंद असल्यानं कार्बन डायऑक्साइड साठला होता. दिवसातून दोन-तीनदा हवा खेळती केली, भिंती-जमिनीवर पाणी मारून आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राखली आणि पुढच्या टोप्या रुंद झाल्या.

हे वाचून कुणी अनोळखी छत्री घरी लावू नये. प्रयोगशाळेत वाढली म्हणून विषारी अळंबी खाण्याजोगी होत नाही. पावसाळ्यात गवतावर येणारी, खाण्याजोग्या छत्रीसारखीच पांढरी दिसणारी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर बीजाणूंचा हिरवट ठसा सोडते. ती खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. तुमच्या धिंगरीचा ठसा पांढरा आला. तरीही जाणकाराकडून ओळख पक्की होईपर्यंत आम्ही चव घेतली नाही.

तुमच्या अळंबीच्या तीन नळ्या ४ अंशांना जपल्या आहेत. चिठ्ठीवर झाड, गाव, तारीख तुम्ही सांगितलीत तशीच लिहिली आहे. ओंडका उचलून न आणता जाग्यावरच ठेवलात, त्याचेही आभार. पुढच्या पावसाळ्यात त्याच्यावर पुन्हा येतील तेव्हा निरोप धाडा, आम्हीच येतो.

आपली,
प्रयोगशाळेतली मंडळी, सातारा