आजाऱ्याकडे जाताना फळांऐवजी दोन तास न्या

संपादक महोदय,

दर ११ फेब्रुवारीला कॅथलिक चर्चमध्ये जागतिक रुग्णदिन पाळला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ साली घोषित केला. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते आणि त्या सुमारास घरभेटींनाही जोर येतो. आठ-दहा जण एका खोलीत शिरतात, गीत होते, प्रार्थना होते, सफरचंदांची पिशवी उशाशी ठेवली जाते आणि घरची सून चहा टाकायला उठते. सगळ्यांचा चहा होईपर्यंत सासऱ्यांना कुशीवर वळवायची वेळ टळून गेलेली असते. येणाऱ्यांची माया खरी असते, पण घरात जी सर्वांत थकलेली आहे तिच्याच अंगावर आणखी एक काम पडते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणारा शोमरोनी काय काय करतो, ते एकदा नीट वाचावे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेऊन सांभाळतो. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणतो. दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची दिवसाची मजुरी. उपदेशाचा एक शब्द नाही, सगळी कामे आहेत. उघड्या-उपाशी माणसाला नुसते ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणण्याचा काय उपयोग, असे याकोबही बायबलमधल्या आपल्या पत्रात विचारतो.

महाराष्ट्रात ख्रिस्ती रुग्णसेवा म्हटले की मिरजेचे १८९४चे वानलेस रुग्णालय आठवते. पण लकव्याचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला की पुढची वर्षे त्याची सेवा बायको, मुलगी किंवा सून एकटीने करते. तिला आठवड्यातून एकदा सलग दोन तास मोकळे करून देणे, हीच घरभेट व्हावी. या दोन तासांत ती झोपेल, बँकेत जाईल, नाहीतर मिस्सेला जाईल. तिने काय करावे हे आपण ठरवू नये.

त्यासाठी दोघे जण पुरतात, पण वार, वेळ आणि माणसे तीच हवीत. दर वेळी नवे चेहरे आले की रुग्ण बुजतो आणि घरच्यांना पहिल्यापासून सगळे सांगावे लागते. रुग्ण बाई असेल तर बायकांनीच जावे. दोघे एकत्र असले की पैशा-दागिन्यांवरून पुढे किंतु राहत नाही. दहा घरे धरायची तर वीस माणसे आणि बदलीला चार-पाच. एवढी माणसे बहुतेक प्रार्थना-गटांत असतातच. पहिल्या दोन खेपांना सांभाळणाऱ्या बाईसोबत बसून फक्त शिकावे: कोणती गोळी किती वाजता, कोणती कूस दुखते, पाणी कशातून देतात. सर्दी-ताप असेल त्या दिवशी जाऊ नये, तसे आधी कळवावे.

शय्याव्रणाबद्दल, म्हणजे एका जागी पडून राहिल्याने अंगाला होणाऱ्या जखमांबद्दल, मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चुका तिथेच जास्त होतात. स्वतःहून न हलणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा येथे दाब सर्वांत जास्त पडतो. तिथे लाली दिसली तर बोटाने दाबून पाहावे. बोट काढल्यावरही लाली तशीच राहिली तर ती जखमेची सुरुवात समजावी. अनेक जण प्रेमापोटी तिथे तेल किंवा पावडर चोळतात. चोळल्याने आतली नाजूक झालेली त्वचा आणखी फाटते. त्या जागेवरचा भार काढणे एवढेच करायचे आणि घरच्यांच्या लगेच कानावर घालायचे. मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिच्या कडेवर दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. पाठीमागे उशी लावून किंचित तिरपे झोपवावे, गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवावी आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. हवेची गादी असली तरी वळवणे चुकत नाही.

रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये, त्यात कातडी घासते आणि खांदाही निखळू शकतो. चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घालावी, दोघांनी दोन्ही बाजूंनी गुंडाळून घट्ट धरावी आणि एकाच वेळी उचलावे. मार्कच्या शुभवर्तमानातला पक्षाघाती येशूपर्यंत पोहोचला तो चौघांनी बाजेसह उचलला म्हणूनच. लघवीची नळी असेल तर वळवताना ती ताणू नये आणि पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली राहावी. नळ्या बदलणे, इंजेक्शन देणे ही शिकलेल्यांची कामे आहेत.

भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा आणि नंतर अर्धा तास तसाच राहायला हवा. लकव्यानंतर अनेकांना पेजेपेक्षा पातळ पाणी गिळणे अवघड जाते. घोटानंतर खोकला आला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला तर तिथेच थांबावे. श्वास लागला तर १०८ला फोन करावा. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) देतानाही हेच भान हवे: लहानसा तुकडा पुरतो, आणि ज्याला घन पदार्थ गिळवतच नाही त्याला गरजेपोटी केवळ द्राक्षारसाच्या रूपात तो देण्याची सोय चर्चच्या कायद्यात, कलम ९२५मध्ये आहे. धर्मगुरूंना तसे आधी सांगून ठेवावे.

प्रार्थना करावीच, पण रुग्णाला विचारून, हळू आवाजात, पाच मिनिटे. ‘विश्वास कमी पडला’, ‘कुणाच्या तरी पापाचे फळ’ असले शब्द खोलीत नेऊ नयेत. जन्मांध माणसाबद्दल ‘पाप याचे की याच्या आईबापांचे’ असा प्रश्न शिष्यांनी केला, तेव्हा येशूने दोन्ही नाकारले होते. प्रार्थनेच्या भरवशावर साखरेच्या किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगणे तर सरळ जिवाशी खेळणे आहे. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नये. अंथरुणातल्या माणसालाही लाज असते.

ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास उपवासाचा नियम आहे. कलम ९१९ने त्यातून वृद्ध आणि आजाऱ्यांना सूट दिली आहे, आणि त्याच वाक्यात त्यांची सेवा करणाऱ्यांनाही. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, आजाऱ्यांच्या यादीत मात्र फक्त रुग्णाचे नाव असते. त्याच्यापुढे आणखी एक रकाना आखावा: सांभाळते कोण, आणि तिला कोणत्या वारी किती वाजता सुटका हवी आहे.

– एक वाचक, वसई